फेंगयिंगची दोन बोटं

चीनमधल्या झूचेंगजवळच्या घळीत बदकाच्या चोचीचा तो अवाढव्य डायनासोर सापडला, तेव्हा गावाला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. गाव त्यांना ड्रॅगनची हाडं म्हणायचं, आणि ती काय, भुईमूग उपटतानाही हाताला लागायची. लोक ती उगाळून जखमेवर लावायचे. थान देशानचं पोट मात्र त्याच हाडांवर चाललं. उकरलेल्या हाडाला ओला कागद लावायचा आणि वरून प्लॅस्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट गुंडाळायचं, हे त्याचं काम. माणूस कामाला चोख, जिभेला तिखट.

खोदकाम सरकत सरकत गावाच्या थडग्यांपर्यंत आलं आणि थडगी हलवायचं ठरलं. देशानची बायको फेंगयिंग तिथेच होती. लहानपणी कडबा कापताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, आणि उभा जन्म तिने तो हात बाहीत लपवून काढला. मरताना तिचं मागणं एकच होतं, "मला अशी अर्धवट पाठवू नका. तिकडे तरी पुरी जाऊ दे." रिवाजाप्रमाणे देशानने कणकेची दोन बोटं करून तिच्या हाताशी ठेवली होती.

थडगं उघडलं. हाडांवर ऊन पडू नये म्हणून भाच्यांनी वर काळं कापड धरलं. देशान स्वतः खाली उतरला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त डाव्या हाताशी नुसती माती. कणीकच ती, कितीशी टिकणार! इतकी वर्षं ही तिकडेही हात लपवूनच बसली असणार, या विचाराने तो पार खचला.

दुपारी जेवण तसंच टाकून तो लूबाईंकडे गेला. संग्रहालयासाठी सांगाडा जुळवायचं काम त्यांचं.

"लूबाई, तुमच्या ड्रॅगनचं एखादं हाड मिळालं नाही, तर प्लॅस्टरचं बसवता ना?"

"हो. का हो काका?"

"मूळचं बघितलेलंच नसतं. मग माप कुठून आणता?"

"दुसऱ्या बाजूचं बघायचं. डावं नसेल तर उजव्यावरून."

देशानने खिशातून लाल फडकं काढून उलगडलं. आत फेंगयिंगच्या उजव्या हाताची दोन बोटं होती. लूबाई दचकून मागे सरकल्या.

"घाबरू नका, आता नाही खायला उठत ती. जिवंतपणी उठायची."

लूबाईंनी कोणालाही न विचारता साचा केला. संध्याकाळपर्यंत बोटं वाळली.

"घ्या काका. आम्ही बनवलेली हाडं मुद्दाम जरा पांढरी ठेवतो. खरं कुठलं आणि आमचं कुठलं, ते बघणाऱ्याला कळावं म्हणून."

देशानने बोटं तळहातावर घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"ड्रॅगनचं ठीक आहे. हिच्या हाताकडे लोकांनी जन्मभर टक लावून बघितलंय. रंग लावा, बाई. कोणाला ओळखू येता कामा नये."

लूबाईंनी तपकिरी रंगाची डबी उघडली.