आकडीतला कोयता

कमरेला आकडी नसलेले माझे वडील मी दोनदाच पाहिले. एकदा माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी आणि एकदा पालघरच्या कोर्टात. दोन्ही वेळा ते मधूनमधून हात मागे नेऊन कमर चाचपत होते. आकडी म्हणजे कमरेला दोरीने बांधायचा लाकडाचा छोटा आकडा. तिच्यात कोयता पाठीमागे अडकवतात. आमच्या डोंगराकडच्या पाड्यांवर पुरुष घराबाहेर पडला की आकडी बांधतो. कुंपणाचा काटा तोडायला, वाटेतली फांदी छाटायला, नारळ सोलायला, बकरीला पाला काढायला कोयता लागतो. तो कोणी हत्यार म्हणून बांधत नाही. हे मला आधी सांगावं लागतंय याचाच मला राग येतो, पण नाही सांगितलं तर पुढचं कळणार नाही.

माझ्या आत्याच्या नवऱ्याला पोलिसांची गोळी लागली तेव्हा त्याच्याही आकडीत कोयता होता.

तो बोईसरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. पावसाळा संपला की काम सोडून गवत कापायला घरी यायचा. त्या वर्षी कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली आणि काम सोडून गेलेल्यांची नावं पोलिसांना दिली गेली. एकदा त्याला उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. त्याचे तळवे इतके सुजले होते की चार दिवस तो भिंतीला धरून चालला. घरात वीतभरसुद्धा तार सापडली नाही. तो आम्हाला हसून म्हणाला होता, "त्यांना वाटलं तार मी गिळलीय, म्हणून पायाखालून काढत होते."

दीड महिन्याने ते परत आले, एक अधिकारी आणि दोन शिपाई. सकाळची वेळ होती. माझे वडील आणि तो एकाच उतारावर गवत कापत होते. खाकी कपडे दिसले तसा तो हातातला विळा टाकून ओढ्याकडे पळाला. वडील म्हणतात, तो एकदाही मागे वळला नाही. अधिकाऱ्याने बांधावर उभं राहून एक गोळी झाडली. ती कमरेच्या वर, आकडीच्या दोरीपासून चार बोटांवर लागली.

वडील सगळ्यात आधी पोचले. तो पालथा पडला होता आणि पाणी मागत होता. पाणी पाजायचं तर त्याला उताणा करायला हवा, आणि उताणा करायचा तर पाठीमागचा कोयता रुतणार. म्हणून वडिलांनी आकडीतून कोयता काढला, बाजूच्या गवतावर ठेवला, त्याला उताणा केला आणि डब्यातलं पाणी तोंडाला लावलं. आमच्यातल्या कोणीही हेच केलं असतं. माणूस झोपवायचा तर आधी त्याच्या कमरेचं लोखंड काढतात. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचंसुद्धा बायको आधी ते काढते, मग शिव्या देते.

मग शिपायांनी वडिलांना ढकलून लांब केलं. तासाभराने फोटो काढले गेले. फोटोत कोयता त्याच्या उजव्या हाताशी होता. पंचनाम्यात लिहिलं गेलं की संशयिताने वळून कोयत्याने हल्ला केला, स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. टाकलेल्या विळ्याचा पंचनाम्यात पत्ताच नव्हता. विळा आजही आत्याच्या घरात कुडाला खोचलेला आहे.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. निरोप मिळाला तशी दुपारच्या एसटीने घरी आले. उजेड होता तोवर अंगणात बसून वडिलांनी मला सगळं सांगितलं, पाण्याच्या डब्यासकट, कोयत्यासकट. आत्या बाजूला बसली होती, पण ती काही ऐकत नव्हती. मी वही काढली आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. 'सविनय', 'निःशस्त्र', 'अमानुष' असे शब्द मला लिहिता येत होते, आणि खरं सांगायचं तर ते लिहिताना मला थोडा अभिमानही वाटला. या अर्जात मी कोयता लिहिला नाही.

का नाही लिहिला, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी ते पुढे सांगेन.

अर्जाने काम केलं. चौकशी बसली, ती दुसऱ्या खात्याकडे गेली आणि अखेर त्या अधिकाऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. वडिलांचा जबाब घ्यायला जे साहेब आले त्यांच्या हातात माझा अर्ज होता. त्यांनी तो वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, हेच ना? वडील म्हणाले, हो. अर्ज मी लिहिला होता, म्हणजे त्यात सगळं असणारच, असं ते धरून चालले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. माझ्यावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता.

खटला उभा राहायला पुढे दोन वर्षं गेली. अधिकारी जामिनावर होता. तारखेला तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून यायचा, आणि कोर्टाबाहेरच्या टपरीवर शिपाई त्याच्यासाठी खुर्ची आणायचे. आत्या समोरच्या पायरीवर बसायची. एकदा तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "ह्याला बसाया खुर्ची नि आमाला बसाया दगड. मारलं कोनी नि मेलं कोन, हे बसन्यावरूनच कळतंय."

आत्याला एकच गोष्ट हवी होती. तिला भरपाईचं कोणी बोललं की ती उठून जायची. तो पळत होता, त्याने कोणावर कोयता उचलला नाही, एवढं कोर्टाच्या कागदावर यायला हवं होतं. तिची लेक शाळेत जायची आणि शाळेतली पोरं त्या लेकीला 'कोयतेवाल्याची' म्हणायची.

वडिलांच्या साक्षीच्या दिवशी ते आकडी घरी ठेवून आले. मी साक्षीदार नव्हते म्हणून मला आत बसता आलं. सरकारी वकिलांनी विचारत नेलं आणि वडील सरळ सांगत गेले. कोयता काढून गवतावर ठेवला, असं ते म्हणाले तेव्हा सरकारी वकिलांनी कागद चाळले आणि दमून चष्मा काढला. मला तेव्हाच समजलं काय होणार आहे. त्या कागदांत कोयता कुठेच नव्हता.

आरोपीचे वकील आवाज न चढवता बोलत होते. त्यांनी सीलबंद पुडक्यातला कोयता बाहेर काढून टेबलावर ठेवला. मूठ ओळखीची होती. तिला आत्याच्या नवऱ्याने स्वतः सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. वकिलांनी तो असा दोन बोटांनी उचलला, जसा काही तो चावणार होता.

"बाबा, कोयता तुम्ही काढला हे आज पहिल्यांदा सांगताय."

"नाय. तवाच सांगितलं."

"कोणाला?"

"पोरीला. तिनं लिवलं."

वकिलांनी माझा अर्ज सावकाश वाचून दाखवला. माझे शब्द त्या खोलीत एकामागून एक येत राहिले, 'सविनय', 'निःशस्त्र', 'अमानुष'. मला ते शब्द ऐकवेनात. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "यात कोयता कुठे आहे?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावून पाहत नव्हते. मी आता उठेन आणि त्या कागदातली ती ओळ दाखवेन, अशी त्यांना खात्री होती.

"असंल त्यात," ते म्हणाले. "माझी पोर कालेजात हाय."

मागे कोणीतरी हसलं. वकीलही थोडे हसले. "म्हणजे पोरगी चुकली, का तुम्ही दोन वर्षांनी नवीन गोष्ट रचली? दोनांतलं एक सांगा."

वडिलांचा हात मागे कमरेकडे गेला, तिथे काही नव्हतं, आणि परत पुढे आला.

"मीच चुकलो असन," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी ते लेखनिकाला सांगितलं, लेखनिकाने टंकलं, आणि वडिलांनी त्याखाली अंगठा उठवला. मी बाकावर बसून राहिले. मला त्या वकिलाचा राग आला, हसणाऱ्याचा आला, दोन बोटांत धरलेल्या कोयत्याचा आला. पण सगळ्यात जास्त राग ज्या अंगठ्याचा आला तो वडिलांचा होता, आणि तो त्यांना माझ्यामुळे उठवावा लागला होता.

बाहेर आल्यावर मी आत्याला खरं सांगितलं. वडील शेजारी उभे होते. मी म्हटलं, बाबांनी मला सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही. आत्या मला मारेल असं वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "एवढी शिकलीस बाय, नि तुला कोयता लिवता येईना?"

मला वाटतं, एवढं जिव्हारी लागेल असं मला आयुष्यात कोणी बोललं नाही आणि एवढं खरंही बोललं नाही.

आता ते कारण. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये एकाने मला विचारलं होतं, तुमच्याकडची माणसं कोयता घेऊनच फिरतात ना, मग भांडण झालं की कसं? सगळे हसले होते आणि त्यांच्याबरोबर मीही हसले होते. पुढच्या रविवारी वडील तांदूळ घेऊन मला भेटायला आले, तेव्हा मी त्यांना फाटकाबाहेर अडवलं आणि आकडी काढायला लावली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. गोणपाटात गुंडाळून ती पानाच्या टपरीमागे ठेवली आणि कमर चाचपत आत आले. मग अर्ज लिहायला बसले तेव्हा मला एक असा मेलेला माणूस लिहायचा होता ज्याच्यावर साहेबांना दया येईल. त्याच्या कमरेला कोयता नको होता. 'निःशस्त्र' हा शब्द मला फार आवडला होता. पोलिसांनी कोयता त्याच्या हाताजवळ नेला, आणि मी तो कागदावरून नाहीसा केला. दोघांनाही कोयता म्हणजे हत्यारच दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी वकिलांकडे गेले आणि म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे. ते चांगले गृहस्थ होते, पण त्यांच्याकडे त्या दिवशी पाच खटले होते. त्यांनी समजावलं की मी कोर्टात बसून वडिलांची साक्ष ऐकली आहे, आता मी काहीही बोलले तरी ऐकून रचलं म्हणतील. मला पिंजऱ्यात उभं करून सोलतील. शिवाय उपयोग होईलच असं नाही. मी अडखळत म्हटलं की उपयोगाचं मला कळत नाही, पण वडील जे नाही चुकले ते त्यांच्या नावावर राहू देणार नाही. ते म्हणाले, कोर्टाकडे तसा अर्ज करतो. विरोध झाला, युक्तिवाद झाला, तीन तारखा गेल्या आणि मला बोलावलं गेलं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी वाक्यं पाठ केली होती. तिथे उभी राहिले आणि त्यातलं एकही आठवलं नाही.

आरोपीचे वकील म्हणाले, "वडिलांना खोटं पडू द्यायचं नाही म्हणून तुम्ही आज हे सांगताय."

"वडिलांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग लिहिलं का नाही? तुम्ही शिकलेल्या आहात. एवढी महत्त्वाची गोष्ट विसरलात?"

"विसरले नाही. मला लाज वाटली."

"कसली लाज?"

टेबलावर तो कोयता होता. मी म्हटलं, "कोयत्याची. मी शहरात शिकायला आले आणि मला माझ्या माणसांच्या कमरेच्या कोयत्याची लाज वाटायला लागली. मला वाटलं, तुमच्यासारखी माणसं वाचतील आणि त्यांना तो खुनीच वाटेल. म्हणून मी तो काढला. बाबांनी काढला तो त्याला रुतू नये म्हणून. मी काढला तो तुम्हाला खुपू नये म्हणून."

वकील म्हणाले, हे भाषण आहे, नोंदवू नये. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि लेखनिकाला सांगू लागले: अर्ज मी स्वतः लिहिला. वडिलांनी मला कोयत्याबाबत सांगितले होते. ते मी अर्जात लिहिले नाही.

मी म्हटलं, "साहेब, का नाही ते राहिलं."

साहेबांना मध्येच असं बोलायचं नसतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग लेखनिकाकडे वळून म्हणाले, "लिहा. लाज वाटल्याने लिहिले नाही."

निकाल अजून लागलेला नाही. अधिकारी अजून खुर्चीवर बसतो आणि आत्या पायरीवर. माझ्या साक्षीने काही होईल का, मला माहीत नाही. सरकारी वकीलही सांगत नाहीत. पण त्या दिवशी सही करायला कागद पुढे आला तेव्हा मी घाई केली नाही. शिपाई म्हणाला, ताई, लवकर करा. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि कोयता कुठल्या ओळीत आहे ते पाहून मगच सही केली. नंतर बाहेर येऊन आत्याला आणि बाबांना ती ओळ तोंडपाठ म्हणून दाखवली.