न चाखलेलं वरण

सोयगावच्या स्टँडवर एसटी लागली, तेव्हा अण्णांनी माझ्या हातात तांदळाचा डबा दिला आणि म्हणाले, "हा मांडीवर धर. खाली ठेवू नको." आत तांदळात पुरलेली पितळेची अन्नपूर्णा होती, लग्नात आईनं दिलेली. आई तोवर गेली होती. ह्यांना शेंद्र्याला एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि आम्ही दोघं बिऱ्हाड आवरून संभाजीनगरला निघालो होतो. बस हलली तरी अण्णा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. मला वाटलं, आता माझे वडील काहीतरी मायेचं बोलतील. तर म्हणाले, "नैवेद्याच्या आधी चव बघत जाऊ नको. तुझ्या हाताला अंदाज आहे, जिभेला विचारायचं काम नाही."

सिल्लोड येईपर्यंत मी फुगून बसले होते.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला हे सांगायला नको. पण आपल्यातले जे पुण्याला, बंगळुरूला, साता समुद्रापलीकडं गेलेत, त्यांच्या मुलांसाठी सांगते. आमचं घर भिक्षुकाचं. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक कुणी चाखायचा नाही, नाहीतर तो उष्टा झाला. मी आठ वर्षांची असताना पुरणाचं बोट चाटलं होतं. अण्णांनी पाहिलं. रागावले नाहीत, मारलं नाही. सगळं पुरण गाईपुढं ठेवलं आणि नवी डाळ शिजत घातली. पाहुणे दुपार टळेपर्यंत ताटकळले आणि मी कोपऱ्यात बसून होते. पाप म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं असं मला पुढं कित्येक वर्षं वाटत होतं.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. सुरुवातीला शहर मला अजिबात आवडलं नाही. दारातच कुणाची तरी स्कूटी उभी, सकाळपासून हॉर्न, आणि पलीकडच्या घरात काय शिजतंय हे वासावरून बिनचूक कळायचं. हे सकाळी कंपनीच्या बसनं जायचे. मी रिकामी बसून कंटाळले आणि दुकानांत, ऑफिसांत काम करणाऱ्यांना डबे द्यायला लागले. गिऱ्हाईक वाढलं तशी हाताखाली मंदा आली. ती शेंद्र्याकडच्या वाडीतली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पहिल्याच दिवशी तिनं कढईजवळ मला बराच वेळ न्याहाळलं.

"ताई, चव नाय बघत तुमी?"

"देवाआधी नाही."

"लई धीराच्या बाई तुमी," ती म्हणाली. तिला कौतुक वाटलं की कीव आली, ते मला अजून कळलेलं नाही. पण मला मात्र अभिमान होता. रोज भल्या पहाटे उठून, आंघोळ करून, न चाखता रांधायचं, आधी अन्नपूर्णेला दाखवायचं आणि मग डबे भरायचे. खाणारे म्हणायचे, काकू, तुमच्या हाताला चव आहे. अण्णांचा रोज फोन यायचा आणि त्यांचा एकच प्रश्न असायचा, "नैवेद्य झाला का?" झाला म्हटलं की झालं बोलणं.

आमच्या समोरच राहायच्या शाहीन मॅडम. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या, बीपीच्या रुग्ण. त्यांचा डबा कमी मिठाचा. त्यासाठी मी वरणात मीठ घालायच्या आधीच थोडं वरण वेगळ्या पातेल्यात काढायची आणि त्यात चिमूटभर मीठ टाकायची. एकदा मी दाराशी दूधवाल्याशी बोलत होते, तेवढ्यात मंदानं मदत म्हणून मोठ्या पातेल्यात चांगलं मूठभर मीठ घालून टाकलं. मी आले, नेहमीप्रमाणे वरण वेगळं काढलं आणि वर माझी चिमूट टाकली. मोठ्या पातेल्यातही मीठ घातलं. मंदानं मला पाहिलं नाही आणि मी तिला विचारलं नाही. जिभेवर एक थेंब ठेवला असता तर संपलं होतं. मी हात जोडून नैवेद्य दाखवला आणि डबे पाठवून दिले.

बाकीच्यांनी दुपारीच फोन करून कानउघाडणी केली. मॅडमचा फोन आला नाही. त्यांच्या वाटीत खारट गेलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण त्यांचं तर मी वेगळं काढलं होतं ना! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. मी आणि मंदानंच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बीपी भयंकर वाढलं होतं. डॉक्टरांनी काल काय खाल्लं विचारलं, तेव्हा कुठं मी मंदाला विचारलं, काल तू मीठ कधी घातलंस. मी वरण वेगळं काढायच्या आधीच.

संध्याकाळी त्या जरा सावरल्या तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, इतकं खारट होतं तर टाकून का नाही दिलं?"

"कैसे फेकती बेटा? तुम लोगां पहले भगवान को दिखाते. मेरेकू लगा, मेरीच जुबान खराब हुई." त्यांनी दुपारी अर्धं खाल्लं होतं आणि उरलेलं रात्री संपवलं होतं. मी रडायला लागले. चव न बघण्याचं सगळं खरं कारण मी त्यांना सांगून टाकलं. त्या गणित समजावावं तशा शांतपणे म्हणाल्या, "रोजे में भी मैं सालन जुबान की नोक पे रखके देखती, फिर थूक देती. अल्लाह को मालूम है ना, पीछे खानेवाले बैठे हैं."

दुसऱ्या दिवसापासून मी चव बघायला लागले. पळीनं तळहातावर थेंब घ्यायचा, चाखायचा, हात धुवायचा आणि मग पुढचं. पहिल्या दिवशी अन्नपूर्णेसमोर ताट ठेवून मी तिच्याकडं बघत राहिले. काही झालं नाही. ती होती तशीच बसून राहिली. चवीचं पाप मला कधी टोचलंच नाही. टोचत होता तो अण्णांचा फोन. "नैवेद्य झाला का?" "झाला, अण्णा." शब्द खोटा नव्हता, पण मी लपवत होते. आणि लपवायचं कारण साधं होतं. जिथं हे पाळत नाहीत, तिथं अण्णा पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या सख्ख्या मामाकडं ते घरून नेलेले लाडू खाऊन परतल्याचं मी पाहिलंय. माझ्या घरी माझे वडील जेवणार नाहीत, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

असं दोन वर्षं चाललं. मग अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडं आले. पहिले दोन दिवस मी त्यांच्यापुरतं न चाखता वेगळं केलं. मंदा हे बघून भांडी जरा जोरात आपटत होती. तिसऱ्या दिवशी अण्णांनी पानाभोवती पाणी फिरवलं, भाताची चित्राहुती घातली आणि एक डोळा पट्टीखाली असूनही इतक्या समाधानानं पानाकडं पाहिलं, की माझ्यानं राहवेना.

"अण्णा, थांबा. हे तुमचं वेगळं केलंय. एरवी मी चव बघते. नैवेद्याच्या आधी."

मग सगळंच सांगितलं. मीठ, जिना, दवाखाना. त्यांचा हात पानावर तसाच होता. आता उठतील, पिशवीतून लाडू काढतील, अशी मनाची तयारी करून मी उभी राहिले.

"त्या बाईंचं आता बरं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आज त्यांचा डबा गेला?"

"जायचाय अजून. तुमचं झाल्यावर नेणार होते."

"चाखलंस ते?"

"हो."

"मग आधी तो देऊन ये. आणि आल्यावर मला त्या चाखलेल्यातलंच वाढ. हे राहू दे."

मी डबा देऊन आले. ते पान पुढ्यात घेऊन, हात आवरून, तसेच बसले होते. मी मोठ्या पातेल्यातलं वरण वाढलं. पहिला घास घेतल्यावर म्हणाले, "मीठ बरोबर आहे." मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

परत जाताना मी त्यांना विचारलं, घरी तुम्हीही चव बघणार का. "छे," म्हणाले, "माझ्याकडं जेवायला देव आणि मी. तो आजवर माझ्या हातचं अळणी मुकाट्यानं खातोय, पुढंही खाईल. तुझ्याकडं माणसं जेवतात."

लोक मला कधीकधी विचारतात, तू धार्मिक आहेस का. आहे ना. एकादशी करते, दिवा लावते, अन्नपूर्णा अजून तांदळातच बसलेली आहे. पापाला भितेही. फक्त ते पुरणाच्या बोटाला लागलेलं नसतं, एवढं आता मला ठाऊक आहे. कुणीतरी विश्वासानं ताट पुढ्यात ओढतं आणि आपण ते न बघता वाढलेलं असतं, त्याची मला भीती वाटते. सोयगाव सोडलं नसतं तर मी हे शिकले असते का, सांगता येत नाही. तिथं माझ्या हातचं खाणारे सगळे आपलेच होते. खारट झालं तर हक्कानं बोंब मारणारे.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी चटकन सोयगाव म्हणायची. आता जरा घुटमळते. शाहीन मॅडमची रिकामी वाटी दारात आली की वाटतं, हेच. मग सकाळी अण्णांचा फोन येतो. वेळ तीच, आवाज तोच, बोलणंही तेवढंच. फक्त प्रश्न बदललाय.

"चव बघितली का गं?"

"बघितली, अण्णा."

"मग दाखव नैवेद्य."