नवरदेवाची तलवार

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास मी अमरावतीच्या एका आखाड्यात लाठी शिकत होते. हात बसल्यावर वस्ताद म्हणाले, "तलवार शिकाची असंन तं सोताची आन, पोरी. दसऱ्याच्या आत." नाहीतर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षापर्यंत घरचे मला उजवून मोकळे झाले असते. तलवार हातात धरायची तर आत्ताच, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवी परवडणारी नव्हती. म्हणून आईला घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात गेले. मोडीच्या दुकानदाराने भांड्यांच्या ढिगातून तीन तलवारी काढल्या. पहिली नाटकातली, पत्र्याची. दुसरी उचलताना मनगटच वाकलं. तिसरी मात्र माझ्या हाताचं माप घेऊन केल्यासारखी मुठीत बसली. धार नव्हती, शिकायला तशीच हवी. फक्त टोकाकडचं तीन बोटं पातं काळं पडून झिजलं होतं.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"लिंबानं खाल्लं, बाई. नवरदेवाची हाय ते. टोकाले लिंबू खोचून वरात निंगाली, अन् वाटेतच नवरदेव गेला. लिंबू काढाचं कोनाले सुचलंच नाई. म्हनून तं सस्त्यात देऊन राहिलो."

आई तडक रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी हट्टी. घेतलीच.

रोज सकाळी सराव सुरू झाला. घाम आला की तळहात पिवळा व्हायचा. मुठीच्या नक्षीत काहीतरी बसलं होतं. राखेने घासली, चिंचेने घासली, तरी दुसऱ्या दिवशी हात पिवळाच. आईने एकदा तो हात नाकाशी नेला आणि पांढरीफटक पडली.

"हे तं हळद हाय व माय! त्याच्या आंगाची. उष्टी हळद लावून घेऊन राहिली तू. टाकून दे ते!"

नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, ती उष्टी हळद. मी भुताखेतांना हसणारी मुलगी. पण त्या दिवशी अंगावर सर्रकन काटा आला. तरी दुसऱ्या सकाळी गेले. खोटं कशाला बोलू, भीत भीत गेले. वार करायचा म्हणेपर्यंत मनगट आधीच वळलेलं असायचं. मुठीत माझा एकटीचा हात आहे असं वाटेना. वस्ताद मात्र खूश. "इतक्या लवकर कोनाचा हात बसत नाई," म्हणायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "आता तलवार तुही झाली." घरी येऊन पाहते तर अंग घामाने भिजलेलं आणि तळहात कोरा. हळद संपली होती. सुटले म्हणायला हवं होतं. पण मी तिथेच ओसरीवर बसून ढसाढसा रडले.

आईने मला हाताला धरून न्हाणीत नेलं आणि घरातलं माणूस गेल्यावर घालतात तसं, नेसत्या कपड्यांनिशी, माझ्या डोक्यावरून पाणी ओतलं.