अण्णांनी न लिहिलेली चिठ्ठी

देशाला एक सरसेनापती कमी पडला, तो केवळ माझ्या चुलतसासऱ्यांच्या छातीमुळे. तरुणपणी ते भरतीला गेले तेव्हा ती फुगता फुगली नाही, आणि अण्णा डोंगरकडा गावच्या शाळेत कारकून झाले. पण फौज काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. रेडिओवरच्या बातम्या ते उभे राहून ऐकत. बारशाला गेले की पाळण्यात डोकावून, "तळपाय सपाट तर न्हाईत ना पोराचे?" असं विचारत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्याचा घास तोंडात असतानाच त्यांनी मला विचारलं, "मैलभर किती मिनिटांत पळता?" मी पोस्टात आहे म्हणालो. "मंग सायकल तरी बरी चालवत असाल," असं म्हणून त्यांनी मोठ्या मनाने मला पास केलं.

त्यांचं म्हणणं एकच. ज्या घरात चूल पेटते, त्या घरातलं एक माणूस लढायला गेलंच पाहिजे. देश काय फक्त गरिबाच्या पोरांनीच राखायचा? हे चूक आहे म्हणायची सोय नव्हती. शेजारच्या तांड्यावरचे पाच जण फौजेत होते आणि माझ्या सासरच्या अख्ख्या गल्लीतून एकही नव्हता. कारगिलच्या उन्हाळ्यात तर अण्णांना चेवच चढला. सरकार सक्ती करत नाही तर गावाने करावी, म्हणून त्यांनी मारुतीच्या पारावर सभा बोलावली. मीही तेव्हा सासुरवाडीला आलो होतो. गावातल्या आणि तांड्यावरच्या वयात आलेल्या प्रत्येक पोराची चिठ्ठी घागरीत टाकायची, ज्याची निघेल त्याने भरतीला जायचं. लोकही तेव्हा इतके पेटलेले, की सगळ्यांनी माना डोलावल्या. चिठ्ठ्या अर्थातच अण्णांनी लिहिल्या.

पहिलीच चिठ्ठी निघाली ती तांड्याच्या नाईकांच्या धाकट्या विलासची. त्याचे थोरले दोघे भाऊ आधीच सीमेवर होते. नाईक सावकाश उठले. "जाईल की. पण अण्णा, तुमच्या प्रमोदची चिठ्ठी येकदा डोळ्यांनी बघू द्या."

घागर पालथी केली. सगळ्या चिठ्ठ्या उलगडून झाल्या, प्रमोदची निघेना. प्रमोद म्हणजे अण्णांचा एकुलता एक. मी चटकन म्हणालो, "अण्णा विसरले असतील." पारावरच्या सगळ्यांनी ते खुशाल मानून घेतलं असतं. पण अण्णाच उभे राहिले.

"विसरलो न्हाई. लिहायला बसलो, अन् त्याच्या नावापाशी हात चालंना."

"मंग आमच्या लेकराचं नाव लिहिताना कसा चालला?" नाईकांनी विचारलं. आवाजही चढवला नाही. चिठ्ठ्या रद्द झाल्या आणि माणसं एकेक करून घरी गेली.

प्रमोद पुण्याला नोकरीला लागला. विलास मात्र पुढच्या वर्षी आपणहून भरती झाला, कारण तांड्यावर राहून तो करणार तरी काय होता? अण्णांनी सक्तीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं, आणि त्यांचा न चाललेला हातही. मला दोन मुलगे आहेत.

विलास पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा मी सासुरवाडीला होतो. अण्णा मला घेऊन फाट्यावर गेले. विलास एसटीतून उतरताच त्यांनी त्याची लोखंडी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. पोरगं ओशाळून गेलं. "अण्णा, राहू द्या, मी घेतो." मीही हात पुढे केला.

"कोणी हात लावू नका," अण्णा म्हणाले. "तेवढं तरी मला वाहू द्या."

तांड्याचा चढ चढताना ते तीनदा थांबले. त्या दिवशी मला त्यांची थट्टा सुचली नाही.