आत्याबाईंची शाल

मी त्यांना फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. स्टुडिओत कपड्यांच्या खोलीत मी इस्त्री करायचो आणि त्या चहाचा कप घेऊन स्टुलावर टेकायच्या, एवढीच ओळख. शेवटच्या मालिकेत त्या नायकाची आत्या होत्या, म्हणून सगळे आत्याबाई म्हणायचे.

चाळीस वर्षं त्यांनी कामं केली. नर्स, घरमालकीण, एकदा खुन्याची आई. "माझं काम म्हणजे दार उघडायचं, 'अहो, ऐकलंत का?' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं," त्या म्हणायच्या. "काय ऐकलं ते दुसरीच सांगणार!" या मालिकेत मात्र चार वर्षं टिकल्या. त्यांची विटकरी शाल माझ्या कपाटात एका पिशवीत असायची. कडेला त्यांनीच केलेला रफू होता. पिशवीवर चिठ्ठी: 'आत्या, घरातली'.

मग त्या जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. अशा वेळी लेखक त्या पात्राला मारतात, नाहीतर कुठेतरी पाठवून देतात. आत्याला लेकीकडे पाठवलं. मी दवाखान्यात गेलो तर बाई खुशीत. "मारलं नाही ना? म्हणजे बोलावणार. लेकीकडे किती दिवस राहू, जावई हाकलेल!"

पुढे त्या भाचीकडे राहिल्या. अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी केस कापू देईनात. गेल्या तशाच परत दिसायला हव्यात ना. भाची वैतागायची, "मावशी, आता कोण बघतंय?"

दर महिन्याला मला फोन. "दादा, पिशवी आहे ना?"

"आहे की."

सातव्या महिन्यात मालिका एकदम पंधरा वर्षं पुढे गेली. आत्याचं नावही कुणी काढलं नाही. त्या आपल्या म्हणाल्या, "बरंच झालं. आता म्हातारी होऊनच येते. तशी झालेच आहे."

त्याच आठवड्यात नव्या आजीच्या कामाला शाल हवी होती आणि आणायला वेळ नव्हता. मी पिशवी काढली. ओळखू येऊ नये म्हणून शाल काळी रंगवली, चिठ्ठी फाडून टाकली. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आत्याबाईंना फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या वेळी सांगू, असं दर वेळी म्हणत राहिलो.

शेवटचा फोन आला तेव्हा आवाज फार खोल गेला होता. नऊ दिवसांनी त्या गेल्या, हे भाचीने कळवलं.

"दादा, काल त्या आजीची काळी शाल पाहिली," त्या शेवटच्या फोनवर आत्याबाई म्हणाल्या.

मी इस्त्री उभी करून ठेवली.

"कडेचा रफू उसवलाय. दोन टाके घाला."

"घालतो."

"आणि आमच्या पिशवीत डांबरगोळ्या टाकू नका हं. मला शिंका येतात."

"नाही टाकत," मी म्हणालो.