डक्टवरचा पत्रा
त्या दिवशी सकाळी वन्संनी इस्त्री तापवली आणि शर्ट करायला घेतले. दुसऱ्याच शर्टाला टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा, मी करते. तर म्हणतात, "तू केलेल्या कॉलरीत गिऱ्हाईक मान घालायचं नाही." हसायला गेल्या नि खोकलाच सुटला, थांबेचना. मी खिडकी उघडली, पण तिथून येतंय काय, तर वरच्या घरांच्या फोडण्या. दम्याचा पंप तोंडात मारला, परत मारला. नवरा गाडी आणायला पळाला. गाडी यायच्या आत माझ्या मांडीवरच गेल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. त्या इस्त्रीवर आम्ही सगळे जेवलो.

आमची खोली तळमजल्याला, मागं. एकच खिडकी, ती पण डक्टमधे. डक्ट म्हणजे बिल्डिंगच्या पोटातली विहीरच, सगळ्यांचे स्वयंपाकाचे पंखे तिच्यातच धूर सोडतात. बांधणाऱ्यानं निदान वरून उघडी ठेवलेली. ती बंद केली आमच्या वन्संनी. कबुतरं यायची, आणि खाली आम्ही धुऊन वाळत टाकलेल्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर घाण करायची. मग काय, वन्सं दारोदार फिरल्या, नाही म्हणेल त्याच्याशी भांडल्या, आणि गच्चीवरनं डक्टला पत्रा ठोकून घेतला. कपडे राहिले स्वच्छ. पण भिंत हिरवी पडली, धूर खालीच घुटमळायला लागला आणि हळूहळू वन्संची छाती वाजायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध देते, पण घरात हवा खेळू दे. तशा वन्सं जिना चढल्या, मधे मधे पायरीवर बसत. मी मागं. गच्चीखालच्या मजल्यावरच्या काकांना म्हणाल्या, "भाऊ, तो पत्रा काढू या."

"आता का? तेव्हा तर मला कबुतरांचा मामा म्हणालात!"

"म्हटलं ना. आता कबुतरांची मावशी आलीय दारात. काढा."

काका खूप हसले. चहा दिला. पत्रा काही काढला नाही, काकूंच्या कुंड्या होत्या त्याच्यावर.

त्या दिवशी वन्संना स्मशानात पोचवून आलो, घरात नुसते बसलो होतो. तेवढ्यात वरून ठोकाठोकी. काका एकटेच पत्रा उचकटत होते, त्यांना कुणी सांगितलं पण नव्हतं. गंज, माती, वाळकी पिसं सगळं खिडकीतून आत यायला लागलं. नवरा उठला आणि खिडकी लावून घेतली.

"गिऱ्हाइकांचे कपडे आहेत," म्हणाला.