मथुराक्कानं रान झाडलं

...नाही गं वेदश्री, ते खोड. रान पेटलं नव्हतं, रान झाडलं होतं. खराट्यानं! हसतीस काय, लिही की. धारवाडकडच्या अळणावरच्या अलीकडं आमच्या गावात जाऊन कुणालाबी विचार मथुरा कोण म्हणून. लगेच म्हणतील, ती रान झाडलेली मथुराक्का होय?

तर ही मथुरा म्हणजे माझी चुलत जाऊ. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैल थांबावा. नवरा लवकर गेला. दोन म्हशी नि एका गाईवर पोरं मोठी केली तिनं. आणि गोठा म्हटला की पाला आलाच. रानातला वाळलेला पाला आणायचा, जनावरांखाली अंथरायचा, शेणामुतात कुजला की शेतात टाकायचा. आमच्याकडं खत म्हणजे हेच.

मग वनखात्याचे लोक म्हणायला लागले, तुम्ही पाला ओरबाडून नेता, रान सुकायलंय, हे बंद करायला पाहिजे. बायका म्हणाल्या, आम्ही नेतो म्हणून तर वणवा लागत नाही! ज्याचं त्याला खरं. तेव्हा धारवाडचं ते सह्यकाठ वनप्रतिष्ठान मध्ये पडलं. आम्ही नुसतं फौंडेशन म्हणतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ असतो बघ, तसं. रानाचा अभ्यास करणाऱ्या कॉलेजकडं विद्या, खात्याकडं जमीन, आमच्याकडं हात. फौंडेशननं तिघांना एका पंगतीला बसवलं नि सांगितलं, भांडू नका, बघूया. रानाच्या एका तुकड्यातनं बायका नेहमीसारखा पाला नेतील. दुसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. काही वर्षांनी दोन्हीकडची माती, रोपं, पाला तपासायचा, मग किती न्यायचा ते ठरवायचं. तोवर बंदी नाही.

त्या हात न लावायच्या तुकड्याची राखण मथुराकडं आली. फौंडेशनची नेत्राबाई हुबळीच्या देशपांडे नगरातनं यायची. ती म्हणाली, "मथुराक्का, इथलं एक पानसुद्धा बाहेर जायचं नाही हं."

"पान काय बाई, वाळकी काडीबी नाही जायची," मथुरा म्हणाली.

आणि तशीच राखली. शेजारच्या गोदावरीची शेळी आत घुसली, तर कान धरून तिच्या दारात नेऊन बांधली.

"फौंडेशनची सून झालीस की गं!" गोदावरी कडाडली.

"सून नव्हे, सासू! शेळी बांधून घाल."

असं तिसरं वर्ष आलं. एक दिवस नेत्राबाईचा फोन, उद्या पाव्हणे यायलेत. कॉलेजचे गुरुप्रसाद सर, वनखात्याचे साहेब, शिवाय लांबच्या कॉलेजची माणसं, त्यांनाबी या कामात भागीदार व्हायचं होतं म्हणे. झालं! मथुराच्या अंगात वारं भरलं. आता तूच सांग, पाव्हणे येणार नि घरापुढं पाचोळा? आपल्यात चालतं का? तिनं गावातल्या बायका गोळा केल्या नि तो सगळा तुकडा झाडून काढला. कॉलेजवाल्यांनी मोजमापाला दोरीचे चौकोन बांधलेले, त्यांच्या आतनंसुद्धा. शेणाचा सडा घातला. चौकोनाच्या प्रत्येक खुंटीभोवती रांगोळी काढली. पण वचन मोडलं नाही बरं का. एक पान बाहेर नेलं नाही. सगळा पाला कोपऱ्यात ढीग घालून ठेवला, गवताची गंजी रचावी तसा.

सकाळी पाव्हण्यांच्या आधी नेत्राबाई आली. गाडीवरनं उतरली ती तशीच उभी.

"कसं दिसतंय?" मथुरानं विचारलं.

नेत्राबाई दगडावर बसली. म्हणाली, "अक्का, तो खाली पडलेला पालाच तर बघायचा होता. तो कसा कुजतो, माती ओली कशी राहते, त्यात रोप कसं येतं. तेच सगळं होतं."

मथुराच्या हातातला खराटा गळाला. काय गेलं ते तिला तिथंच कळलं. कॉलेजवाले उठून दुसऱ्या गावाला गेले, तर खातं बंदी घालणार. मग म्हशींखाली काय अंथरायचं? शेतात काय टाकायचं?

गोदावरी पुढं झाली. "रडतीस काय? ढीग हाय की. परत पसरू. झाड काय चहाडी सांगायला येणार हाय?"

दोघी-तिघी वाकल्यासुद्धा. पण मथुरा आडवी आली. "ठेवा खाली! नासलेल्या दुधात ताजं दूध ओतलं तर कुठलं चांगलं होतंय? खोट्या पाल्यावर ते खोटा हिशेब करणार, नि उद्या त्याच हिशेबानं आपलंच रान जायचं."

पाव्हणे आले. रांगोळी बघून गुरुप्रसाद सर जागच्या जागी थांबले. "एनिदु?" म्हणाले. कानडीत, हे काय म्हणून.

मथुरा पुढं झाली. "मी झाडलं, सर. तुम्ही येणार म्हणून. बायकांना मीच बोलावलं, त्यांच्यावर चिडू नका."

सर चिडले नाहीत, पण तोंड उतरलं त्यांचं. नेत्राबाईला म्हणाले, "सगळी मेहनत पाण्यात गेली. आता दुसरं गाव बघावं लागेल."

तेव्हा नेत्राबाई उभी राहिली. "सर, पान बाहेर नेऊ नका एवढंच आम्ही सांगितलं. पान तिथं का पाहिजे, हे सांगितलं का? सोयरीक आमच्या फौंडेशननं जुळवली. पहिल्या भांडणाला आम्ही पळून जाणार नाही. काम व्हायचं तर याच गावाबरोबर."

वनखात्याचे साहेब मथुराकडं बघून म्हणाले, "आणि परत झाडलंत तर?"

मथुरानं खराटा उचलला, वाटेवरच्या ऐनाच्या झाडाच्या फांदीला सुंभानं घट्ट बांधला. मग म्हणाली, "हा इथं लटकतोय तोवर या रानात झाडलोट नाही. ओढ्यापलीकडचा तुकडा द्या आम्हाला. पण या खेपेला का नि कशाला ते सगळं सांगा. आम्हीबी बघतो तुमच्याबरोबर."

लांबचे पाव्हणे खुदकन हसले. सरबी हसले मग. म्हणाले, "आधी चहा द्या अक्का, तुकड्याचं नंतर."

झालं, गाव राहिलं, ओढ्यापलीकडचा तुकडाबी मिळाला. आणि गंमत ऐक. ते झाडलेलं रान उन्हाळ्यात असं भेगाळलं, की रोपं काडीसारखी वाळली. ओढ्यापलीकडं पाल्याखाली बोट घातलं तर माती गार. बायकांनी आपल्या हातानं बघितलं. गोदावरीच पहिली म्हणाली, अर्ध्या रानाचा पाला एका वर्षी तसाच सोडूया, अर्ध्याचा दुसऱ्या वर्षी. कॉलेजवाल्यांचं कामबी तेच सांगायला लागलं, नि खात्यानं मान्य केलं. आता पाला बंद नाही, आलटून पालटून हाय. दुसऱ्या गावांतली माणसं बघायला येतात, मथुरा त्यांना मातीत बोट घालायला लावते. साहेब असला तरी सोडत नाही.

आता शेवटचं लिही, नीट लिही. हे वाचणारं कुणी अळणावरकडं जाणार असेल, तर त्या ऐनाखाली जरा थांबा, नि मथुराला माझा निरोप द्या. खराट्याचं सुंभ कुजायला आलं असेल, नवं बांध म्हणावं. खराटा खाली येऊ देऊ नको.